बीपीची गोळी चालू आहे का?

"दादा, अंगदुखीची एक स्ट्रिप द्या." ठाण्यात गोखले रोडवर, घोडबंदर रोडच्या टॉवरांखाली, कोपरखैरण्याच्या सेक्टरांत किंवा नेरुळ स्टेशनबाहेर, कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. चिठ्ठी नसते. क्यूआर कोड स्कॅन होतो आणि डायक्लोफेनॅकच्या किंवा असिक्लोफेनॅकच्या दहा गोळ्या खिशात जातात. घेणारा, देणारा आणि रांगेत मागे उभा असलेला, तिघांचीही एकच समजूत असते: ही साधी गोळी आहे.

पंचविशीतल्या धडधाकट माणसाचा पाय मुरगळला, त्याने जेवून-खाऊन, भरपूर पाणी पिऊन ही गोळी दोन दिवस घेतली, तर बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. समजूत तयार होते ती अशा अनुभवांतूनच. पण साठीकडे झुकलेल्या, रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या आणि मे महिन्यात घामाने निथळणाऱ्या माणसाच्या शरीरात तीच गोळी गेली, की किडनीतली रक्त गाळण्याची यंत्रणा एकाच वेळी तीन बाजूंनी अडवली जाऊ शकते. यातलं एकही औषध वाईट नाही. रक्तदाबाची गोळी फिजिशियनने विचार करूनच दिलेली असते. गुडघ्याची गोळी कधी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली असते, कधी शेजारच्या काकूंनी सुचवलेली. फिजिशियनला गुडघ्याच्या गोळीचा पत्ता नसतो आणि हाडांच्या डॉक्टरांच्या घाईच्या ओपीडीत बीपीच्या गोळीचं नाव सांगायचं राहून जातं. ही औषधं पहिल्यांदा समोरासमोर येतात ती मेडिकलच्या काउंटरवर. तिथे उभ्या असलेल्या फार्मासिस्टने विचारलेला एक साधा प्रश्न किती किडन्या वाचवू शकेल, हे मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी किडनीच्या आत शिरावं लागेल. हा भाग थोडा लांबेल, कारण शरीरातली इतकी देखणी रचना मला दुसरी माहीत नाही.

दोन्ही किडन्या मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त त्यांच्याकडे जातं. प्रत्येक किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून २४ तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. आपल्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम ३ लिटर असतो. तेव्हा तोच ३ लिटर द्रव दिवसातून ६० वेळा गाळला जातो असा याचा अर्थ. त्यातला ९९ टक्के परत शोषला जातो आणि उरलेल्या दीड-दोन लिटरची लघवी होते.

हे सगळं गाळणं चालतं ते फक्त दाबावर. गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ. त्या गुच्छात रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६० मिलिमीटरइतका असतो. त्याच्याविरुद्ध दोन दाब काम करतात. रक्तातली प्रथिनं पाण्याला आतच धरून ठेवू पाहतात, तो दाब सुमारे ३२. गाळून बाहेर पडलेला द्रव उलटा रेटतो, तो सुमारे १८. ६० मधून ३२ आणि १८ वजा करा. उरतात १०. पाठ्यपुस्तकातले हे आकडे सरासरीचे आहेत, पण त्यांतून कळायचं ते कळतं: रोजचं १८० लिटरचं काम जेमतेम १० मिलिमीटरच्या जोरावर चाललेलं असतं. गुच्छातला दाब ६० वरून ५० वर आला, तर ढोबळ हिशेबाने गाळणं थांबलंच.

आता आपला रक्तदाब दिवसभरात किती वरखाली होतो ते पाहा. झोपेत तो उतरतो, ठाणे स्टेशनचा जिना धावत चढताना वाढतो. ताप, जुलाब, उपास, ऊन, सगळ्यांनी तो हलतो. तरीही किडनीच्या गाळणीतला दाब जवळपास स्थिर राहतो. हे कसं साधतं?

शरीरात बाकी बहुतेक ठिकाणी धमनीतून रक्त बारीक केशवाहिन्यांत जातं आणि तिथून थेट शिरेत. किडनीच्या गाळणीत तसं नाही. इथे केशवाहिन्यांचा गुच्छ दोन धमनिकांच्या मध्ये बसवलेला आहे. एक धमनिका रक्त आत आणते, दुसरी बाहेर नेते, आणि दोघींच्या भिंतींत आकुंचन-प्रसरण पावणारे स्नायू आहेत. पाइपच्या मधोमध गाळणी बसवली आणि तिच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे दोन कॉक लावले, तसा हा प्रकार. गाळणीतला दाब टिकवायचा तर दोन उपाय आहेत: अलीकडचा कॉक जास्त उघडा, किंवा पलीकडचा कॉक थोडा आवळा. किडनी हे दोन्ही करते आणि दोन्हींसाठी तिच्याकडे वेगवेगळी रसायनं आहेत.

अलीकडचा कॉक उघडा ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. ती किडनीतच तयार होतात आणि तिथेच वापरली जातात. माणूस निरोगी असेल, अंगात पाणी पुरेसं असेल, तेव्हा त्यांची फारशी गरज पडत नाही. पण शरीरातलं पाणी कमी झालं, हृदय कमजोर असलं, वय झालं, की रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरकं जोरात येतात. अशा वेळी किडनीकडे येणारी धमनिका मिटू नये म्हणून ही प्रोस्टाग्लँडिनं तिला उघडी धरून ठेवतात. पंचविशीतल्या धडधाकट माणसाला वेदनाशामक गोळी का सोसते, याचं उत्तर इथे आहे: त्या दिवशी त्याची किडनी प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबूनच नसते.

पलीकडचा कॉक आवळण्याचं काम अँजिओटेन्सिन-२ करतं. दाब घटल्याची चाहूल लागली की किडनी रेनिन नावाचं विकर (एन्झाइम) सोडते. रेनिन यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवरचं एसीई नावाचं विकर त्या तुकड्याला आणखी कापतं आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. यकृत, फुप्फुस आणि किडनी असे तीन अवयव मिळून हे एक रसायन घडवतात! ते रक्तवाहिन्या आवळतं, पण किडनीत त्याचा जोर बाहेर नेणाऱ्या धमनिकेवर जास्त असतो. बाहेरची वाट अरुंद झाली की गुच्छात दाब टिकतो आणि गाळणं चालू राहतं.

आता औषधांकडे येऊ. गुडघा दुखतो, सुजतो, तेव्हा त्या सुजेतही प्रोस्टाग्लँडिनच असतात. ती बनवणाऱ्या विकराला कॉक्स म्हणतात. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्या कॉक्सलाच रोखतात, म्हणून दुखणं कमी होतं. गोळीला गुडघा आणि किडनी यांतला फरक कळण्याचं कारण नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि किडनीतलीही प्रोस्टाग्लँडिनं कमी करते. अलीकडचा कॉक मिटायला लागतो.

रक्तदाबाच्या ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, ती एसीई विकराला रोखतात. म्हणजे अँजिओटेन्सिन-२ तयारच होऊ देत नाहीत. ज्यांच्या शेवटी 'सार्टन' येतं, टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन, ती अँजिओटेन्सिन-२ला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. परिणाम एकच: पलीकडचा कॉक सैल पडतो. एरवी हे हिताचंच आहे. मधुमेहात गाळणीतला दाब वाजवीपेक्षा जास्त असतो; तो उतरवून ही औषधं वर्षानुवर्षं किडनीचं रक्षण करतात. पण अलीकडचा कॉक मिटलेला आणि पलीकडचा सैल पडलेला असेल, तर गुच्छात दाब उरणार कुठून?

तिसरी बाजू पाण्याची. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइड, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी करते. मुळात गाळणीकडे येणारं रक्तच घटतं. किडनीने अशा वेळी दोन्ही कॉक फिरवून सावरायचं असतं, आणि नेमके दोन्ही तिच्या हातून काढून घेतलेले असतात.

या कथेतल्या दोन्ही कॉकची समज एकाच प्रयोगशाळेत वाढली, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवतात, हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. त्या कामासाठी १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात सर्जिओ फेरेरा हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ तिकडच्या एका विषारी सापाच्या विषाचा अर्क घेऊन आले होते. तो अर्क एसीई विकराला रोखतो, हे तिथल्या वाय. एस. बाखले यांनी प्रयोगांतून दाखवलं. त्या धाग्यावरून अमेरिकेत कुशमन आणि ओंदेत्ती यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल बनवलं. 'प्रिल' कुळाचं ते पहिलं तोंडाने घ्यायचं औषध. सापाच्या विषातून रक्तदाबाची गोळी निघाली म्हणजे विष प्यायल्याने रक्तदाब बरा होतो असं कोणी म्हणत नाही. रेणू ओळखणं, बदलणं, मोजून देणं या सगळ्यात विज्ञान आहे. काढ्यांच्या जाहिराती करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आता आपल्या भागातली परिस्थिती. भारतात रक्तदाबाची दोन-दोन, तीन-तीन औषधं एकाच गोळीत मिळतात. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी किती तरी घरांत असते. सार्टनच्या नावापुढे एक 'एच' जोडलेला असतो, इतकाच फरक. ही गोळी घेणारा माणूस खरेपणानेच सांगतो, "मी बीपीची एकच गोळी घेतो." पण त्या एका गोळीत पलीकडचा कॉक सैल करणारं औषध आणि पाणी कमी करणारं औषध, दोन्ही आहेत. तीनपैकी दोन बाजू रोज सकाळी चहाबरोबर पूर्ण झालेल्या असतात. तिसरी तेवढी मेडिकलमधून आणायची राहते.

आणि ज्याच्या गोळीत 'एच' नाही, त्याच्यासाठी ते काम आपली हवा करते. खाडीकाठच्या दमट उन्हाळ्यात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि आणखी घाम येतो. वाशीच्या एपीएमसी बाजारात ५० किलोच्या गोण्या पाठीवर वाहणारा माथाडी कामगार दिवसभरात किती पाणी आणि मीठ गमावत असेल याचा विचार करा. त्याचीच कंबर आणि गुडघे सर्वांत जास्त दुखतात, आणि दुखलं म्हणून खाडा केला तर मजुरी बुडते. त्याच्यासाठी गोळी चैनीची नाही, ती कामावर उभं राहण्याचं साधन आहे. पन्नाशी उलटली की त्यालाही रक्तदाब जडतो आणि सार्टन सुरू होतं. पावसाळ्यात दूषित पाण्याने जुलाब-उलट्या झाल्या की हेच सगळं दोन दिवसांत घडतं. नवरात्रात कडक उपास करणाऱ्या, पाणीही मोजकं घेणाऱ्या आजीच्या बाबतीतही तेच. गुडघेदुखीची आणि बीपीची, दोन्ही गोळ्या तिने उपासातही सोडलेल्या नसतात.

या तिहेरी मेळाचे धोके २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात ठळकपणे मांडले गेले. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या ४,८७,३७२ लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि वेदनाशामक, तिन्ही एकत्र घेणाऱ्यांमध्ये किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त आढळलं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी जास्त. हे आकडे नीट वाचले पाहिजेत. १०० पैकी ३१ जणांची किडनी बिघडते असा यांचा अर्थ नाही. मूळ धोका कमी आहे, तो या पटीत वाढतो. पण ज्या देशात ही तिन्ही औषधं कोट्यवधी लोक घेतात तिथे लहान धोक्याच्या छोट्या वाढीतूनही डायलिसिसच्या खुर्च्या भरतात. सर्वांत धोक्याचा काळ पहिला महिना आहे, हे तर फार महत्त्वाचं. नवी गोळी विकत घेतली जाते त्याच दिवसांतला तो काळ.

हे बिघडत असताना दुखत मात्र काहीच नाही. आणि रक्त तपासलं तरी सुरुवातीला फसगत होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रोज ठरावीक प्रमाणात तयार होतो आणि किडनी तो गाळते. गाळण्याचा वेग निम्मा झाला की क्रिएटिनिन हळूहळू दुप्पट होतं. एखाद्या सडपातळ बाईचं मूळ क्रिएटिनिन ०.६ असेल, तर किडनीची निम्मी क्षमता गेल्यावर ते १.२ होईल. लॅबच्या कागदावर हा आकडा अनेकदा नॉर्मलच्या हद्दीत किंवा काठावर दिसतो. गाळण्याची क्षमता मिनिटाला १२० मिलिलिटरवरून ६० वर आली तरी कागदावर तांबडी खूण नाही! म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही, मागच्या आकड्याशी तुलना लागते. जुने रिपोर्ट जपून ठेवावेत ते यासाठी. सार्टन नव्याने सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं, कारण पलीकडचा कॉक सैल पडलेला असतो. डॉक्टर ते गृहीत धरतात. तेवढ्याने घाबरून औषध बंद करायचं नसतं.

इथे मला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डांबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. 'बीपीच्या गोळ्या किडनी खातात, त्या बंद करून अमुक रस प्या' असे संदेश फिरतात. अनियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह हीच किडनी कायमची निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं आहेत. बीपीची गोळी मनाने सोडणं म्हणजे किडनीवरचं संरक्षण काढून घेणं. आणि तो रस? कोकणातल्या परसात होणारं बिंबल आपल्याला माहीत आहे, माशाच्या कालवणात आंबटपणासाठी चार फोडी टाकतात ते. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून केरळात काही जणांनी त्याचा घट्ट रस पेलाभर प्यायला आणि त्यातल्या ऑक्झॅलेटने किडनीच्या नळ्या तुंबून ते रुग्णालयात पोचले. २०१३ मध्ये अशा १० रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. किडनीला 'डिटॉक्स' करायची गरजच नाही. ६० वेळा रक्त गाळणारा अवयव दिवसभर तेच करत असतो.

डायक्लोफेनॅक किडनीचं काय करू शकतं याचा सर्वांत करुण पुरावा आकाशात होता. आजारी गुरांना हे औषध दिलं जाई; अशी गुरं मेल्यावर गिधाडं ती खात आणि त्यांच्या किडन्या बंद पडत. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर सापडे. २००४ साली नेचर नियतकालिकात हे कोडं उलगडलं. तोपर्यंत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली होती, आणि ती आणखी घटत गेली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस डायक्लोफेनॅक गिधाडापेक्षा कितीतरी चांगल्या रीतीने पचवतो, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ही 'साधी' गोळी किडनीपाशी जाऊन काम करते, एवढं यावरून पटावं.

मग यात फार्मासिस्ट काय करणार? कायद्याने तर बरंच करायचं आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी चिठ्ठीवरचं औषध तयार करून देऊ शकत नाही. औषधाबद्दल रुग्णाशी बोलणं, समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांमध्ये त्याच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेलं आहे. डायक्लोफेनॅक शेड्यूल एच मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचंच नाही. आणि फार्मासिस्टला हे सगळं माहीत असतं. या लेखात मी ज्या दोन धमनिकांवर इतके परिच्छेद खर्च केले, त्या फार्माकॉलॉजीच्या अभ्यासक्रमात असतात. तो विकर, रेणू आणि मात्रा शिकून आलेला माणूस आहे. आपण त्याला सुट्टे पैसे मागतो.

प्रत्यक्षात अनेक दुकानांत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि फार्मासिस्ट दुकानात नसतो. नाव आणि लायसन्स एकाचं, काउंटरवर भलताच मुलगा. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतर, फार्मासिस्ट दुकानात हजर असलाच पाहिजे यासाठी कडक मोहीम झाली आणि दुकानदारांनी तिला मोठा विरोध केला. तेव्हा रुग्णांनी प्रशासनाची बाजू घेऊन रस्त्यावर यायला हवं होतं असं मला आजही वाटतं. आता नवा उत्साह आहे तो दहा मिनिटांत औषध घरपोच करण्याचा. अंगदुखीची गोळी दहा मिनिटांत मिळाली काय आणि अर्ध्या तासात मिळाली काय, गुडघ्याला फरक पडत नाही. दारावर पिशवी देणारा मुलगा बीपीच्या गोळीबद्दल विचारू शकत नाही, हा फरक मात्र पडतो.

फार्मासिस्ट बोलला तर काय होतं, याचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसला कृष्णवर्णीय पुरुषांच्या केशकर्तनालयांत फार्मासिस्ट जाऊन बसले. डॉक्टरांशी आधी करार करून ते तिथेच रक्तदाब मोजत आणि औषधं ठरवत. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. ३१९ पुरुष सहभागी होते. सहा महिन्यांत फार्मासिस्टच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी २७ मिलिमीटरने उतरला; ज्या गटाला फक्त सल्ला आणि डॉक्टरकडे जाण्याची सूचना मिळाली, तिथे सुमारे ९ ने. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून घसा, कान, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट ठरलेल्या नियमांनुसार स्वतः औषध देतात. आपल्याकडे तेवढा अधिकार आज नाही, आणि लगेच द्यावा असं माझंही म्हणणं नाही. पण विचारण्याचा अधिकार आजही आहे.

प्रश्न तीनच आहेत. बीपीची किंवा मधुमेहाची गोळी चालू आहे का? किडनीचा काही त्रास कधी सांगितला होता का? सध्या जुलाब, उलट्या, ताप, उपास असं काही आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर फार्मासिस्ट दुसरा रस्ता सुचवू शकतो. योग्य मात्रेत पॅरासिटामॉल किडनीच्या या कॉकना जवळजवळ धक्का लावत नाही. दुखणं एका सांध्याचं असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल चोळता येतं. त्यातून रक्तात गोळीच्या मानाने फारच थोडं औषध पोचतं. आणि दुखणं आठवड्याहून जुनं असेल तर डॉक्टरकडे पाठवणं हाच सल्ला. जुलाब होत असतील तर खऱ्या ओआरएसची पुडी, एक लिटर पाण्यात एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅमच असतं. त्याहून कितीतरी गोड पेयं 'ओआरएस' असं नाव लावून याच काउंटरवर विकली गेली आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव काढायला लावलं. कुठली पुडी खरी हे ओळखून देणं, हेही फार्मासिस्टचंच काम.

दोन चुकीच्या दिलाशांबद्दल त्याने बोललंच पाहिजे. "सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो, मग काय होतंय?" अ‍ॅसिडिटीची गोळी पोटाच्या अस्तराला सांभाळते, किडनीतल्या धमनिकेशी तिचा संबंध नाही. आणि "ही पोटाला न लागणारी गोळी आहे" असं म्हणून दिलं जाणारं एटोरिकॉक्सिब. पोटाला ते खरोखर कमी लागतं, पण किडनीत ते इतर वेदनाशामकांसारखंच वागतं. मात्र हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलेलं असेल, तर हा लेख वाचून ते कोणी थांबवू नये. त्याचा हिशेब निराळा आहे.

फार्मासिस्टच्या वाट्याला याखेरीजही बरंच येतं. काही निवडक प्रतिजैविकं आणि क्षयरोगाची औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. ती घेणाऱ्याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. क्षयरोगाची औषधं नेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून बंधनकारक आहे. औषधाचा दुष्परिणाम आढळला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो कुणालाही कळवता येतो, आणि फार्मासिस्टने तर तो कळवावाच. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

आपल्या बाजूने करण्यासारखं एकच आहे: वेदनाशामक घ्यायला जाताना बीपीच्या गोळीची रिकामी स्ट्रिप बरोबर न्यावी किंवा तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. ब्रँडचं मोठं नाव वाचू नये, खालची बारीक अक्षरं वाचावीत. तिथे 'सार्टन' किंवा 'प्रिल' आणि 'थायझाइड' किंवा 'थॅलिडोन' दिसतं का ते पाहावं आणि काउंटरवरच्या माणसाला दाखवावं. तो फार्मासिस्ट आहे का, हेही विचारावं. विचारायला लाजू नये.

पहिल्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तरी सगळं हातचं गेलेलं नसतं. डायक्लोफेनॅक कॉक्स विकराला कायमचं मोडत नाही, तात्पुरतं अडवतं, आणि रक्तात त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. गोळी थांबली आणि पाणी भरून निघालं, की किडनीत पुन्हा प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ लागतात आणि अलीकडचा कॉक उघडतो. किडनीच्या नळ्यांना इजा होण्याआधी हे घडलं तर वाढलेलं क्रिएटिनिन बहुतेकांमध्ये काही दिवसांत मूळ जागी येतं. म्हणून तीच स्ट्रिप दुसऱ्यांदा मागायला माणूस येतो, तेव्हाही विचारायला उशीर झालेला नसतो.